शेवटचं रीळ सरकारचं

मधुकर वानखड्यांनी एकही चोरीचा सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता. आणि चोरीच्या सिनेमाबद्दल त्यांच्याइतकं मन लावून बोलणारा माणूसही मला पुन्हा भेटला नाही. शेवटचं रीळ लागायची वेळ झाली की ते उठत. टोळीनं माल उचललेला असे, मोटार धुरळा उडवत निघालेली असे, तोवर गंभीर असलेला म्होरक्या पहिल्यांदाच हसलेला असे, आणि इकडे आमचे वानखडे वहाणा पायात अडकवून वाकत वाकत दाराकडे निघालेले. मागून कुणी तरी शिवी हासडायचं. त्यांना त्याचं काही नसे.

मी एकदा विचारलं, की पैसे देऊन तिकीट काढता, मग ऐन वेळी पळता कशाला? तर म्हणाले, "आता पोलीस येतात. चोर सापडलाच पाह्यजे, असा कायदाच हाय म्हनतात पिक्चरवाल्यायले. शेवटचं रीळ सरकारचं असते, भाऊ. बाकीचं पिक्चर आपलं."

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. मी वाशीमजवळच्या मालेगावच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि वानखडे हिवताप विभागात. त्यांचं ऑफिस म्हणजे दवाखान्यामागची एक खोली. तिथे फवारणीचे पंप, डी.डी.टी.ची पोती आणि एक खाट. त्या खाटेवरच ते राहत. गाव मानोऱ्याच्या पलीकडे, आडवळणाला. वडिलांनी बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा हे शाळेत होते. घरातले पहिले मॅट्रिक, पहिले पगारदार. उंच, हडकुळे, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं, आणि कितीही हात धुतले तरी नखांच्या कडेला पांढरी पावडर. अंगाला त्या औषधाचा वास कायमचा बसलेला. गावातली पोरं त्यांना 'पावडरवाले' म्हणत.

कोणत्याही घरात, दुकानात, कचेरीत शिरले की आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची, ही त्यांची खोड. भिंत मातीची की विटांची, ते आवाजावरून कळे. मातीची भिंत औषध पिते, म्हणून तिथे हात जरा सैल सोडावा लागतो. पण पुढेपुढे ती निव्वळ सवय झाली. चहाच्या हॉटेलात बसले तरी टकटक. आमच्या डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्येही एकदा केली, तेव्हा साहेबांनी वर न पाहताच "या" म्हटलं.

फवारणीमुळे ते सगळ्या गावाच्या आतल्या खोल्यांपर्यंत पोचलेले होते. देवघर, माजघर, बाळंतिणीची खोली, काही सुटायचं नाही. सरकारी पंप पाठीवर असला की कुणी अडवत नसे. काम झालं की दाराजवळ गेरूनं तारीख लिहायची आणि निघायचं. उन्हात घसा कोरडा पडला म्हणून पाणी मागितलं, तर काही घरी ते वरून ओंजळीत ओतलं जाई, ओट्याच्या खाली उभं करून. हे सांगताना ते हसत. "बंद्या मालेगावचा नकाशा माह्या डोक्यात हाय," म्हणायचे. "कोनाचा पलंग कुठी, कोनाची तिजोरी कुठी. पन पानी पेयाले मी बाहेरचाच." हसत असले तरी ते ऐकताना मला हसू येत नसे.

सुगी आटोपली की बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागे. रविवारी जमलं तर वाशीमच्या टॉकीजात दुपारचा खेळ. आम्ही तिघं जात असू: वानखडे, मी आणि फवारणीची जीप चालवणारा हनीफ. हनीफला मारामारी आणि गाणी लागत. वानखड्यांना दोन्हींचा कंटाळा. त्यांच्या म्हणण्याचा मुद्दा असा की दरोड्याचा सिनेमा वेगळा आणि चोरीचा वेगळा. दरोडेखोर समोरच्या दारानं ओरडत येतो, त्याला बंदूक पुरते. चोरीच्या सिनेमात कुणी ओरडलं की संपलं. तिथे माणसं काम करताना दिसतात. एक जण दोर बांधतो आहे, एक कानोसा घेतो आहे, एक नुसता रस्त्यावर केळी विकत उभा आहे. आणि तो केळी विकणारा चुकला तर सगळे मेले. गाणं नाही, भाषण नाही. आपापलं काम, आणि घड्याळ. सिनेमा सुरू झाला की ते हळूच म्हणत, "चाला, कामाले लागू." तेवढा वेळ काही खात नसत, शेंगा नाहीत की फुटाणे नाहीत.

टोळी जमवतात तो भाग त्यांना सगळ्यांत प्रिय. म्होरक्या गावोगाव फिरून माणसं उचलतो. कुणी तुरुंगातून सुटलेला, कुणी सर्कशीतला, कुणी म्हातारा कुलूपवाला. तो भाग आला की वानखडे खुर्चीत पुढे सरकून बसत. का, ते त्यांनी एकदा एस.टी.त सांगितलं. वाशीमहून परत येत होतो, गाडीत उभे होतो, दांड्याला धरून.

"पाह्यलं का," ते म्हणाले, "त्या म्होरक्यानं कोनाले एकदा तरी इचारलं का, तू कोन्या जातीचा? तुले तिजोरी उघडता येते का, एवढंच इचारते. येते, तर चाल. सरकारी नोकरी सोडली तर असी भरती मी दुसरीकडे नाई पाह्यली."

हनीफ म्हणाला, "वानखडेभाई, वो चोर लोग हैं."

"हो ना बाप्पा. म्हनूनच तर."

त्यांचे नियम पुष्कळ होते आणि ते एकदम कधी सांगत नसत, प्रसंग पडेल तसे निघत. मालक असा असावा की त्याचं गेलं तर आपल्याला हळहळ वाटू नये. टोळीतला एक जण सवयीनं फसतो, अकलेनं नाही. कुणाला शीळ घालायची सवय असते, कुणाला आईला भेटायला जायची. ज्या घरात शिरायचं त्या घराचा लळा लावून घ्यायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम: बेत जर आधी मोठ्यानं, नकाशा मांडून, प्रेक्षकांना समजावून सांगितला, तर तो फसणारच. जो बेत आपल्याला सांगत नाहीत तोच तडीस जातो. मी पुढे अनेक सिनेमे या कसोटीवर लावून पाहिले. माणूस खरं बोलला होता.

त्यांची बायको, सुमनवहिनी, गावी सासूजवळ असे. माहेर धनजचं. ठेंगणी, बोलकी, पुढ्यात कुणी आलं की वाढायला उठणारी. वानखडे गावी गेले की तिला सिनेमाची गोष्ट सांगत, आणि शेवट पाहिलेलाच नसल्यामुळे तो स्वतः रचत. त्यांच्या शेवटात कुणी सापडत नसे. सगळे आपापल्या घरी जात, चहा पीत. वहिनी मला म्हणाली होती, "यायच्या पिक्चरात शेवटी चाच असते, भाऊ." तिला ते शेवट खरे नाहीत हे माहीत होतं. तरी ती ऐकत असे.

त्यांचं पहिलं मूल भर पावसाळ्यात गेलं. गावाच्या वाटेवरचा नाला फुगला, बैलगाडी अलीकडेच अडकली, आणि बाळंतपण नाल्याच्या काठावर झालं. मुलगा सकाळपर्यंत जगला. त्यानंतर दुसऱ्या खेपेला दिवस राहिले, तेव्हा वहिनीनं नवऱ्याजवळ एकच गोष्ट मागितली: या वेळी मला दवाखान्याजवळ ठेवा. दुसरं काही नाही. दागिना नाही, लुगडं नाही.

पण मालेगावात खोली मिळेना. रिकाम्या खोल्या होत्या. वानखडे हे आडनाव आमच्याकडे सगळ्या जातींत सापडतं, त्यामुळे घरमालक हटकून विचारी, "कोणते वानखडे?" हे सरळ उत्तर देत. मग खोली कालच दिलेली निघायची. चार-दोन घरी असं झालं आणि त्यांनी विचारणंच सोडलं.

एका दुपारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर चहा पिताना ते मला आणि हनीफला म्हणाले की आता बेत करावा लागतो. औषधाच्या रिकाम्या बाटल्या मांडून त्यांनी गाव उभं केलं. वाशीम नाक्याकडे आबाजी नावाचे एक गृहस्थ नोकरीतून निवृत्त होऊन नुकतेच राहायला आले होते. गावात फारशी ओळख नाही, परसात एक खोली रिकामी. माझ्या मामांची आणि त्यांची जुनी ओळख, म्हणून बोलणं मी काढायचं. सामान हनीफनं जीपमधून न्यायचं. खोटं कुणी बोलायचं नाही. 'कोणते वानखडे' विचारलं तर 'मानोऱ्याकडचे' म्हणायचं, ते खरंच होतं. आणि पुढे कुणी विचारीपर्यंत गप्प बसायचं.

"पण आज ना उद्या कळेलच की," मी म्हणालो.

"कळू द्या ना. आपल्याले खोली नाई चोरून घ्याची. पावसाळा तेवढा चोरून घ्याचा हाय. बाळंतपन होऊ द्या, मंग मीच सांगतो त्यायले." मग त्यांनी मांडलेल्या बाटल्यांकडे पाहिलं आणि तोंड जरा कसंनुसं केलं. "बेत मोठ्यानं सांगून बसलो राजेहो मी," म्हणाले. हनीफ खो खो हसला.

बेत साधला. आबाजींनी विचारलं, यांनी 'मानोऱ्याकडचे' म्हटलं, आबाजींनी मान डोलावली. गुढीपाडव्याच्या सुमारास वहिनी राहायला आली. बुद्धाची तसबीर साडीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती. दाराजवळ फवारणीची तारीख वानखड्यांनी स्वतः गेरूनं लिहिली, जरा ठसठशीतच. ते दीड-दोन महिने मी त्या माणसाला जितकं खुश पाहिलं तितकं कधीच नाही. संध्याकाळी घरी जाताना, 'घरी जाऊन राह्यलो' असं उगाचच दोनदा सांगत.

आबाजींच्या बायकोला सगळे काकू म्हणत. मूलबाळ दूर, घर सुनं. त्यांनी वहिनीला लेकीसारखं धरलं. लोणचं दे, डोक्याला तेल घाल, जड उचलू नको म्हणून रागाव. वाटीतून काही आलं की वहिनी वाटी भरून परत करी. आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून देतात. त्या दोन घरांमध्ये ती एक पितळी वाटी सारखी जात-येत होती.

वैशाखी पौर्णिमेला वानखडे फवारणीच्या दौऱ्यावर होते. वहिनीनं सकाळी न्हाऊन पांढरं लुगडं नेसलं, ट्रंकेतून तसबीर काढून पाटावर ठेवली, मेणबत्ती लावली आणि खीर केली. इथवर सगळं दार लोटून झालं. पण खीर झाल्यावर तिला ती एकटीला खाववेना. सणाची खीर शेजारी दिल्याशिवाय तोंडात घालायची नाही, हे तिला लहानपणापासूनचं. ती वाटी भरून काकूंकडे गेली. काकूंनी ती चवीनं खाल्ली, छान झाली म्हणाल्या, आणि विचारलं, "आज कोणता गं सण?"

वहिनीनं सांगितलं, "बुद्धाची पुनव हाय, काकू."

काकूंनी वाटी ठेवून घेतली. रागावल्या नाहीत, वाईट एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं दार उघडलं तेव्हा वाटी उंबऱ्याबाहेर ठेवलेली होती. राखेनं घासून लख्ख केलेली, आणि रिकामी.

वहिनीनं ती उचलली आणि सामान बांधायला घेतलं. आबाजी दवाखान्यात येऊन दौऱ्यावरून परतलेल्या वानखड्यांना भेटले ते त्यानंतर, संध्याकाळी. फार सभ्यपणे बोलले. मुलगा येणार आहे, खोली लागेल, महिना पुरा करा, असं. वानखडे 'बरं' म्हणाले. मी मध्ये पडून बोललो, जरा जास्तच बोललो; आबाजी माझ्याकडे बघून म्हणाले की तुमच्या मामांकडे पुष्कळ जागा आहे. मामांकडे मी आश्रित. तरी त्याच दिवशी विचारलं. मामांनी जेवणातून मान वर केली नाही. "घर तुझं नाही," एवढंच म्हणाले. डॉक्टरसाहेबांनी दवाखान्यातली खोली देता येते का म्हणून वर विचारलं, तिकडून नकार आला. सभ्य माणसांचा गाव होता आमचा. कुणी कुणाला हाकललं नाही.

महिना पुरा व्हायची वाट वहिनीनं पाहिली नाही. तिला धनजला माहेरी पोचवायला हनीफ जीप घेऊन आला. पुढच्या सीटवर ती बसली, मांडीवर ती वाटी. तिनं मला विचारलं, "मी खोटं सांगाले पाह्यजे होतं का, भाऊ?"

वानखडे मागे ट्रंक चढवत होते, तिथूनच म्हणाले, "नाई. खोटं बोलाचं नाई, हा तर आपला नेमच होता."

हनीफ चुकचुकला, की भाभीनं खीर नसती दिली तर निभलं असतं. वानखड्यांनी ट्रंकेची कडी नीट बसवली आणि म्हणाले, "खिरीचं नाई गा. त्या घराचा लळा लागला तिले. तो नेम मी तुमाले सांगतला, तिले सांगाचा राह्यला." मग म्हणाले, "अन् चोरलं काय आमी? भाडं देत होतो. खोली तथीच हाय." हे ते आम्हांला सांगत नव्हते. पुढे कधी आबाजींच्या परसाकडून गेलो तर त्या खोलीला नवा चुना दिसला. दाराजवळची गेरूची तारीख त्याखाली गेली होती.

धनजहून कारंजा काही फार लांब नाही. दिवस भरत आले की वहिनीला कारंज्याच्या दवाखान्यात आणून ठेवायचं, असं ठरलं होतं. कळा आधीच सुरू झाल्या. पावसाची झड लागलेली, एस.टी. बंद. बैलगाडीतून निघाले, आणि जे नाल्याच्या काठावर झालं होतं तेच रस्त्यावर झालं. या वेळी मुलगी होती. ती रडलीच नाही.

वानखडे परत कामावर आले. त्यांनीच सांगितलं, "मुलगी होती." पंप पाठीवर घेतला आणि निघाले. काम तसंच चोख. भिंतीवर टकटक मात्र बंद झाली. त्या वर्षी तंबू लागला तेव्हा हनीफनं तीनदा विचारलं, ते आले नाहीत. आम्ही दोघं गेलो आणि अर्ध्यातून परत आलो. पुढे त्यांनी बदली मागून घेतली कारंज्याकडे, आणि गाठ पडेनाशी झाली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते काही वर्षांनी, वाशीमच्या टॉकीजात. औषधांचा साठा घ्यायला गेलो होतो, गाडीला वेळ होता, बाहेर चोरीच्या सिनेमाचं पोस्टर दिसलं म्हणून दुपारच्या खेळाला शिरलो. चार रांगा पुढे, वाटेकडच्या खुर्चीवर ते बसलेले होते. शर्टाचं वरचं बटण लावलेलं. केस पांढरे झालेले. टोळी जमवतात तो भाग आला, मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पुढे सरकले नाहीत.

मग रस्त्यावर केळी विकत उभ्या असलेल्यानं खूण केली, माल उचलला गेला, मोटार निघाली, म्होरक्या हसला. त्या टॉकीजचा म्हातारा दरवान त्यांना जुना ओळखत असणार. सवयीनं त्यानं पडदा बाजूला करून दार किलकिलं केलं आणि उभा राहिला. दुपारचं ऊन वानखड्यांच्या खांद्यावर पडलं. त्यांनी नुसती मान हलवली. दरवान थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग त्यानं पडदा सोडला.

पोलीस आले. एकेकाला धरलं. वानखडे ताठ बसून पाहत होते. दिवे लागल्यावर लोक उठले, मी त्यांच्यापाशी गेलो. त्यांनी मला ओळखलं, शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून बसवलं. वहिनी कशी आहे, मी विचारलं.

"हाय," ते म्हणाले. "तिनंच धाडलं. म्हने, या खेपेले शेवट पाहून या. तुमचा नोको, खरा."

लोक बाहेर पडत होते. झाडूवाला आमच्या रांगेपाशी येऊन थांबला, तरी ते उठले नाहीत. पांढऱ्या पडद्याकडे पाहत होते.

"पोलिसायच्या मोटारीत एक जन कमी दिसला मले," त्यांनी विचारलं. "तो केळीवाला. तो सुटला का?"

मी नीट पाहिलं होतं. तो मागच्या बाकावर होता, दोन शिपायांच्या मध्ये.

"नाही," मी म्हणालो. "सगळे सापडले."

"बरं," वानखडे म्हणाले आणि वहाणा पायात अडकवल्या. "तसंच सांगतो तिले."